डॉ. जॉन्सन यांचे घर

वाचताना एखादा शब्द अडला की तुम्ही काय करता? लुगत उघडता. मराठीत तिला शब्दकोश म्हणतात. इंग्रजी भाषेचा एक प्रसिद्ध शब्दकोश ज्या घरात तयार झाला, ते घर लंडनमध्ये आजही उभे आहे. पत्ता आहे १७, गॉफ स्क्वेअर. तेथे सॅम्युएल जॉन्सन राहत होते.

जॉन्सन यांचा जन्म १७०९ साली लिचफील्ड या गावी झाला. वडील पुस्तके विकत. खाली दुकान आणि वर घर. लहानपणच्या आजाराने सॅम्युएलची नजर अधू झाली होती. तरी दुकानातली पुस्तके तो सारखा वाचत असे. पुढे तो ऑक्सफर्डला शिकायला गेला. तेथे त्याचे बूट फाटले. कोणीतरी दया येऊन नवे बूट गुपचूप त्याच्या दाराशी ठेवले. सॅम्युएलने ते रागाने फेकून दिले! पैशाअभावी त्याला शिक्षणही सोडावे लागले.

१७३७ साली जॉन्सन लंडनला आले. लेखन करून कसेबसे पोट भरू लागले. १७४६ मध्ये काही पुस्तक-विक्रेत्यांनी त्यांच्याकडे शब्दकोशाचे काम दिले. त्यासाठी त्यांनी गॉफ स्क्वेअरमधले घर भाड्याने घेतले. घराच्या सर्वांत वरच्या माळ्यावर सहा मदतनीस बसत. जॉन्सन चांगल्या लेखकांची पुस्तके वाचत आणि हव्या त्या शब्दांखाली रेघ ओढत. मदतनीस ती वाक्ये चिठ्ठ्यांवर उतरवून घेत. अशी एक लाखाहून अधिक वाक्ये कोशात आली. तीन वर्षांत काम संपेल असे जॉन्सन यांना वाटले होते, लागली नऊ! मध्येच, १७५२ साली, त्यांची पत्नी वारली. कोश १७५५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात चाळीस हजारांहून अधिक शब्द होते. नाव झाले, पण पैसा हाती राहिला नाही. दुसऱ्याच वर्षी कर्जापायी त्यांना अटक झाली. एका लेखक मित्राने पैसे पाठवले, तेव्हा सुटका झाली.

१७६२ पासून राजाकडून त्यांना वर्षाला ३०० पौंड मिळू लागले. मग तरी ते ऐषारामात राहिले असतील, असे तुम्हाला वाटेल. तसे झाले नाही. लंडनमध्ये ते शेवटपर्यंत भाड्याच्याच घरांत राहिले, आणि ती घरे नेहमी भरलेली असत. ॲना विल्यम्स या अंध कवयित्री होत्या. डोळ्यांच्या शस्त्रक्रियेसाठी त्या जॉन्सन यांच्या घरी आल्या. नजर आली नाही, त्या मात्र तेथेच राहिल्या. रॉबर्ट लेव्हेट गरिबांना औषध देत, त्यांचाही मुक्काम येथेच. ही मंडळी आपसात फार भांडत! जॉन्सन कंटाळत, पण कोणाला जा म्हणत नसत.

फ्रान्सिस बार्बर हा जमैका बेटावर गुलामगिरीत जन्मलेला मुलगा. १७५२ मध्ये, दहाएक वर्षांचा असताना, तो गॉफ स्क्वेअरच्या घरी नोकर म्हणून आला. जॉन्सन यांनी त्याला शाळेत घातले. १७८४ साली ते वारले, तेव्हा मृत्युपत्रात त्यांनी फ्रान्सिससाठी वर्षाला ७० पौंडांची सोय करून ठेवली होती. एका काळ्या नोकराला एवढे द्यावे, हे त्या वेळी काही लोकांना मुळीच आवडले नाही.

जॉन्सन यांचे एक मांजर होते. नाव हॉज. त्याला कालवे, म्हणजे शिंपल्यांतले प्राणी, फार आवडत. ती आणायला जॉन्सन स्वतः बाजारात जात. मांजराच्या खाण्यासाठी नोकराला पाठवले तर त्याला अपमान वाटेल, असे त्यांना वाटे. फाटक्या बुटांचे ते दिवस ते विसरले नसावेत.

गॉफ स्क्वेअरच्या त्या घरात आता संग्रहालय आहे. दाराला जुनी जाड साखळी अजून आहे. समोरच्या चौकात १९९७ साली एक पुतळा बसवला. तो जॉन्सन यांचा नाही, हॉजचा आहे. तो शब्दकोशावर बसला आहे आणि शेजारी कालवांचे शिंपले पडले आहेत.