विश्लेषण : अंडे शाकाहारी की मांसाहारी? विज्ञान, कायदा आणि परंपरेची उत्तरे वेगळी का?

कोणी आम्लेट खातो, पण मटणाला हात लावत नाही. कोणाला केकमधले अंडे चालते, उकडलेले चालत नाही. काही घरांत अंडे शिजते, पण त्याचा तवा वेगळा असतो. घरातल्या या सवयींवर कोणी वाद घालत नाही. शाळेच्या पोषण आहारात अंडे आले, तेव्हा मात्र हा प्रश्न थेट सरकारी निर्णयांपर्यंत पोहोचला. अंडे नेमके कोणत्या बाजूचे, याविषयी…

दुकानातील अंड्यात पिल्लू असते का?

नाही. अंड्यांसाठी चालवल्या जाणाऱ्या पोल्ट्रीत ‘लेअर’ जातीच्या फक्त कोंबड्या असतात, कोंबडा नसतो. कोंबडी साधारण १८ ते २० आठवड्यांची झाली की अंडी देऊ लागते. त्यासाठी कोंबड्याची गरज नसते. एक अंडे तयार व्हायला साधारण २४ ते २६ तास लागतात. अशी अंडी अफलित असतात आणि कितीही उबवली तरी त्यांतून पिल्लू निघत नाही.

गावरान अंड्याचे वेगळे आहे. अंगणात कोंबडा असेल तर अंडे फलित असू शकते. मात्र खुडूक कोंबडी त्यावर बसली किंवा यंत्रात उबवले तरच पिल्लाची वाढ होते आणि त्याला साधारण २१ दिवस लागतात. अंडे फोडल्यावर कधी कधी रक्ताचा ठिपका दिसतो. तो बहुतेक वेळा अंडे तयार होताना कोंबडीची बारीक रक्तवाहिनी फुटल्याने पडतो. ते पिल्लू नसते.

मग कायदा अंड्याला मांसाहारी का मानतो?

भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या (एफएसएसएआय) नियमांत अंडे फलित की अफलित, हा प्रश्नच येत नाही. प्राणी, पक्षी, मासे, अंडी किंवा प्राण्यांपासून मिळणारे इतर पदार्थ ज्या खाद्यपदार्थात आहेत, तो मांसाहारी, अशी ही व्याख्या आहे. दूध आणि दुग्धजन्य पदार्थांना त्यातून वगळले आहे. त्यामुळे अंडे असलेल्या बिस्किटाच्या पाकिटावर हिरवे चिन्ह लावता येत नाही. मांसाहारी घटक म्हणून फक्त अंडेच असेल, तर तसे जादा नमूद करण्याची मुभा उत्पादकाला आहे.

हा नियम ग्राहकाला माहिती मिळावी म्हणून आहे. अंडे न खाणाऱ्याची फसगत होऊ नये, एवढाच त्याचा हेतू. अंडे खावे की नाही, हे तो सांगत नाही.

दूध चालते, तर अंडे का नाही?

दोन्ही पदार्थ प्राण्यांपासूनच येतात आणि ते मिळवताना प्राणी मारावा लागत नाही, हा अंडे खाणाऱ्यांचा मुख्य मुद्दा आहे. अंड्यातून जीव जन्माला येतो, म्हणून ते वर्ज्य, असे परंपरा मानणारे म्हणतात. माळकरी वारकरी, जैन आणि इतर अनेक समाजांत अंडे सामिषच मानले जाते. ते अफलित आहे, या खुलाशाने त्यांचे मत बदलत नाही, कारण त्यांचा नियम जीवशास्त्रावर आधारलेला नाही.

अंडे हिंसामुक्त आहे, असे म्हणण्यातही अडचण आहे. लेअर जातीचे नर पिल्लू अंडी देत नाही आणि मांसासाठी पुरेसे वाढतही नाही. त्यामुळे हॅचरीत ती सहसा पहिल्याच दिवशी मारली जातात. जर्मनीने २०२२ पासून या प्रथेवर बंदी घातली. अंडी कमी झाली की कोंबड्याही कत्तलीसाठी विकल्या जातात. दुधाच्या धंद्यातही नर वासरे आणि भाकड जनावरांचा प्रश्न आहे. म्हणूनच व्हीगन मंडळी दूध आणि अंडी दोन्ही टाळतात.

गांधीजींचे मत काय होते?

इंग्लंडमध्ये शिकताना मांसाच्या तीन व्याख्या समोर आल्याचे गांधीजींनी आत्मचरित्रात लिहिले आहे. एकीत अंडी चालत होती, मासेही चालत होते. दुसरीत मासे वगळले होते, अंडी चालत होती. तिसरीत अंड्यांबरोबर दूधही वर्ज्य होते. त्यांनी काही काळ अंडी खाल्ली. पण मांस न खाण्याचे वचन आईला दिले होते आणि आईच्या लेखी अंडे मांसातच येते, हे लक्षात आल्यावर त्यांनी ती सोडली.

१९४२ मध्ये पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये स्थानबद्ध असताना आरोग्यावर लिहिताना मात्र त्यांनी वेगळा मुद्दा मांडला. अफलित अंड्यातून पिल्लू होत नाही, त्यामुळे दूध घेणाऱ्याला अशा अंड्याची हरकत नसावी, असा त्याचा आशय होता. म्हणजे स्वतःपुरता त्यांनी आईचा अर्थ पाळला आणि इतरांसाठी तर्काची वाट मोकळी ठेवली.

परदेशात ‘व्हेजिटेरियन’ म्हणजे काय?

ब्रिटनमध्ये १८४७ मध्ये स्थापन झालेल्या व्हेजिटेरियन सोसायटीच्या व्याख्येत दूध आणि अंडी चालतात. त्यामुळे परदेशी विमानात किंवा हॉटेलात ‘व्हेज’ मागितले तरी पदार्थात अंडे असू शकते. अंडे नको असेल तर ते वेगळे सांगावे लागते.

शाळेतील अंड्याचा वाद काय?

एका अंड्यात साधारण ६ ग्रॅम प्रथिने असतात. २०० मिलिलिटर दुधातही जवळपास तेवढीच मिळतात. शिवाय वनस्पतिजन्य अन्नात नैसर्गिकरीत्या न आढळणारे ब१२ जीवनसत्त्व अंड्यात असते. उकडलेल्या अंड्यात भेसळ करता येत नाही आणि प्रत्येक मुलाला सारखा वाटा मिळतो. तमिळनाडूत शाळेच्या जेवणात अनेक वर्षांपासून अंडी दिली जातात.

महाराष्ट्राने नोव्हेंबर २०२३ मध्ये आठवड्यातून एकदा अंडे आणि न खाणाऱ्यांना केळी किंवा स्थानिक फळ देण्याचा निर्णय घेतला. त्याला विरोध झाला. जानेवारी २०२५ मध्ये राज्याने यासाठीचा निधी थांबवला आणि ज्या शाळांना अंडी द्यायची आहेत, त्यांनी लोकसहभागातून पैसे उभे करावेत, असे सांगितले. लोकवर्गणी जमवणे सगळ्याच गावांना सारखे सोपे नाही आणि घरी दूध, डाळ रोज परवडत नाही अशा मुलाला शाळेतले अंडे सुटल्याचा फटका जास्त बसतो. केळ्यातून ऊर्जा मिळते, पण प्रथिने जेमतेम १ ग्रॅम मिळतात. अंडे न खाणाऱ्या मुलांसाठी दूध, चणे, शेंगदाणे किंवा सोयाबीन हे केळ्यापेक्षा जवळचे पर्याय ठरतात.

अंडे टाळणाऱ्यांनी काय पाहावे?

हिरव्या चौकटीतील हिरवे वर्तुळ म्हणजे शाकाहारी. मांसाहारी पदार्थांसाठी पूर्वी तपकिरी वर्तुळ होते. २०२० च्या नियमांनुसार आता तपकिरी चौकटीत तपकिरी त्रिकोण असतो. मेयोनीज, पास्ता आणि नूडल्सच्या पाकिटावरील घटकांची यादी वाचावी. बेकरीतील सुटा केक, खारी किंवा नानकटाईवर चिन्ह नसते. तिथे विचारूनच घेतलेले बरे.