कार्ड बदलण्याआधी

कोल्हापुरात राजारामपुरीत माझं कॉम्प्युटर जोडणीचं दुकान आहे. गेम खेळण्यासाठी मशीन बांधून घेणारी कॉलेजची पोरं माझं मुख्य गिऱ्हाईक. अलीकडं त्यांच्या तोंडी एकच प्रश्न असतो, "दादा, नवीन गेम अडकतोय. कार्ड बदलूया का?" कार्ड विकणं हा माझा धंदा आहे, तरीही बहुतेक वेळा मी त्यांना "नको" सांगतो. का सांगतो, ते त्यांच्या आईवडिलांनाही कळायला हवं, कारण पैसे शेवटी घरातून जातात.

मध्यंतरी शिरोलीचा एक मुलगा मशीन घेऊन आला. वडील तिथल्या एमआयडीसीत फौंड्रीत कामाला. पोरानं सुट्टीत काम करून ८ जीबी मेमरीचं ग्राफिक्स कार्ड घेतलं होतं आणि त्यावर चार हजारांवरचा गेम. मी तापमान बघितलं, ठीक होतं. पंखे स्वच्छ, रॅम पुरेशी. मग सेकंदाला किती चित्रं निघतात ते दाखवणारा मीटर पडद्याच्या कोपऱ्यात लावला आणि त्याला खेळायला बसवलं. आकडा ६० च्या आसपास दिसत होता, पण पिंप फुटून आग लागली त्या क्षणी चित्र गचकन थांबलं आणि एका चित्राला लागणाऱ्या वेळेच्या आलेखाची रेघ एकदम वर उडाली. मी त्याला तोच प्रसंग पुन्हा खेळायला लावला. तेच पिंप, तोच स्फोट. या वेळी धक्का नाही. कार्ड तेच होतं. म्हणजे ताकद कमी पडत नव्हती.

आत घडतं ते असं. पडद्यावरची हालचाल सलग दिसावी म्हणून मशीन सेकंदाला ६० चित्रं काढतं. एका चित्राला वेळ मिळतो जेमतेम १६.७ मिलिसेकंद. आग, धूर, पाणी, सावली कशी दिसावी हे सांगणारे छोटे प्रोग्रॅम असतात, त्यांना शेडर म्हणतात. प्रत्येक कार्डाची भाषा वेगळी, म्हणून शेडर त्या कार्डाच्या भाषेत उतरवून घ्यावे लागतात. प्लेस्टेशनसारख्या यंत्रात एका मॉडेलचा आतला माल सगळीकडं सारखाच, त्यामुळं बनवणारे हे काम आधीच उरकून देतात. पीसीवर ते गेम सुरू होताना, मेनू समोर असताना करून घेता येतं. ते करून घेतलं नाही तर ऐन लढाईत, आग पहिल्यांदा दिसते तेव्हा, मशीन खेळ थांबवून ते काम करतं. सरासरी ६० भरते, पण एकच चित्र पाव सेकंद रेंगाळलं की हातातला डाव जातो. हे टाळणं हे गेम बनवणाऱ्याचं काम आहे.

दोष यंत्राचा नसून गेमचा असतो, याला जाहीर पुरावे आहेत. जून २०१५ मध्ये 'बॅटमॅन : अर्कहम नाइट' पीसीवर इतका वाईट चालला की कंपनीनं एक-दोन दिवसांतच त्याची विक्री थांबवली, दुरुस्त होऊन तो ऑक्टोबरअखेर परत आला. १० डिसेंबर २०२० ला आलेला 'सायबरपंक २०७७' नीट चालत नसल्यानं आठवड्याभरात सोनीनं प्लेस्टेशनच्या दुकानातून काढला आणि पैसे परत दिले. तो जून २०२१ मध्ये पुन्हा विक्रीला लागला. मधल्या काळात लोकांच्या घरची यंत्रं बदलली नव्हती. बदलला होता गेम.

दुसरी तक्रार मला याहून जास्त टोचते : गेम चालतो, पण तेच ते करायला लावतो. मनोरा चढा, छावणी साफ करा, पेटी उघडा, पुढच्या गावात पुन्हा तेच. २०२३ च्या 'स्टारफील्ड'मध्ये हजारावर ग्रह होते, पण वेगवेगळ्या ग्रहांवर हुबेहूब तेच तळ सापडतात, ही तक्रार जगभर झाली. आपल्याकडं पबजीवर सप्टेंबर २०२० मध्ये बंदी आल्यावर 'फौजी' या देशी गेमची मोठी हवा झाली. २६ जानेवारी २०२१ ला तो आला तेव्हा गलवान खोऱ्यातली एकच मोहीम होती. हाणामारी, थोडं चालणं, परत हाणामारी. देशाच्या अभिमानानं डाउनलोड केलेल्या पोरांचा हिरमोड झाला.

पुन्हापुन्हा करणं हे मुळात वाईट नाही, हे कोल्हापूरकराला सांगायला नको. तालमीत रोज तेच जोर आणि त्याच बैठका असतात. पण खासबागेच्या कुस्ती मैदानात समोर येणारा पैलवान दर वेळी वेगळा, म्हणून त्या मेहनतीला अर्थ येतो. गेमचंही तसंच. १९८५ चा 'सुपर मारिओ ब्रदर्स' अवघ्या ४० केबीत बसवला होता. त्यात ढगाचं आणि झुडपाचं चित्र एकच, फक्त रंग वेगळा. जागा वाचवायला चित्र पुन्हा वापरलं, पण प्रत्येक टप्प्यावर उडी नव्यानं जोखावी लागेल अशी रचना केली.

अडकणं आणि कंटाळा, दोन्हींचं मूळ मला एकच दिसतं. शेवटचा हात फिरवायला वेळ दिला जात नाही. तारीख आधी जाहीर होते, जाहिरातीत नकाशा किती मोठा ते सांगितलं जातं. वेगवेगळ्या कार्डांवर तपासणी आणि कंटाळवाणा भाग कापून टाकणं ही कामं जाहिरातीत दिसत नाहीत, म्हणून तीच मागं पडतात.

नीट काम करणारे आपल्या जवळच आहेत. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या चमूचा 'राजी : अॅन एन्शंट एपिक' २०२० मध्ये आधी निन्टेंडो स्विच या ४ जीबी मेमरीच्या हातातल्या यंत्रावर आला. पाच-सहा तासांत संपणारा खेळ. पहाडी चित्रशैली आणि सावल्यांच्या बाहुल्यांतून गोष्ट सांगणारा. त्याच्या लढाईवर आणि अचानक येणाऱ्या शेवटावर टीका झाली, पण लहान यंत्राचं भान ठेवून, उगाच न ताणता गेम बनवता येतो हे त्यानं दाखवलं.

पोरांना माझं सांगणं साधं आहे. आगाऊ पैसे भरू नका. तुमच्याच कार्डावर गेम कसा चालतो याचे व्हिडिओ आधी बघा. स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानातून घेतल्यापासून १४ दिवसांच्या आत आणि २ तासांपेक्षा कमी खेळला असाल तर पैसे परत मिळतात. ते दोन तास तपासणीला वापरा, आणि गेम अडकला तर संकोच न करता परत करा. दोन-तीन दुरुस्त्या येऊ द्या. तोवर किंमतही बहुधा उतरते. आणि घाम गाळून घेतलेल्या मशीनला कमी लेखू नका. अर्धवट माल विकणाऱ्याला नफा आणि प्रामाणिक गिऱ्हाइकाला न्यूनगंड, हा व्यवहार पैसे रोखून धरले तरच बदलेल.