विश्लेषण : संरक्षण खर्चात भारत आठपट पुढे, तरी जास्त भार पाकिस्तानवर का?

मे २०२५ मध्ये भारत आणि पाकिस्तान यांच्यात चार दिवस लष्करी संघर्ष झाला. त्यानंतर महिन्याभरात पाकिस्तानने अर्थसंकल्पातील संरक्षणाची तरतूद २० टक्क्यांनी वाढवली. सरकारचा एकूण खर्च मात्र सुमारे सात टक्क्यांनी घटवला. कर्जात बुडालेल्या देशाला हे परवडते का?

दोन्ही देशांचा खर्च किती?

स्टॉकहोममधील ‘सिप्री’ संस्थेनुसार २०२४ मध्ये भारताचा लष्करी खर्च ८६.१ अब्ज डॉलर, तर पाकिस्तानचा १०.२ अब्ज डॉलर होता. मात्र जीडीपीच्या तुलनेत भारताने २.३ टक्के आणि पाकिस्तानने २.७ टक्के रक्कम खर्च केली. म्हणजे रक्कम लहान असली, तरी पाकिस्तानचा खिसा त्याहून लहान आहे.

तुलना फसवी का ठरते?

भारताच्या २०२५-२६ च्या ६.८१ लाख कोटी रुपयांच्या तरतुदीत सुमारे १.६१ लाख कोटी रुपये निवृत्तिवेतनाचे आहेत. विमाने, जहाजे, शस्त्रे आदी भांडवली खर्चासाठी १.८० लाख कोटी उरतात. पाकिस्तानने त्याच वर्षासाठी २.५५ लाख कोटी पाकिस्तानी रुपये ठेवले. पण निवृत्त सैनिकांचे सुमारे ७४ हजार कोटी रुपये तेथे नागरी खर्चात दाखवले जातात. ते मिळवल्यास आकडा जवळपास २९ टक्क्यांनी वाढतो.

पैसा कुठून येतो?

पाकिस्तानच्या केंद्रीय अर्थसंकल्पातील दर १०० रुपयांपैकी सुमारे ४७ रुपये व्याजात आणि साडेचौदा रुपये संरक्षणात जातात. विकासकामे, अनुदाने, प्रशासन आणि निवृत्तिवेतन उरलेल्या रकमेत भागवायचे असते. सप्टेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या सात अब्ज डॉलरच्या कार्यक्रमातील सुमारे एक अब्जाचा हप्ता आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने संघर्ष सुरू असतानाच, ९ मे २०२५ रोजी मंजूर केला. भारत त्या मतदानापासून दूर राहिला.

ही स्पर्धा थांबत का नाही?

कारण ती दोघांपुरती नाही. २०२४ मध्ये चीनचा लष्करी खर्च अंदाजे ३१४ अब्ज डॉलर, म्हणजे भारताच्या साडेतीन पटींहून अधिक होता. चीन अमेरिकेकडे पाहून तयारी करतो, भारत चीनकडे आणि पाकिस्तान भारताकडे. एकाने बचावासाठी घेतलेले शस्त्र शेजाऱ्याला धोका वाटते. पारंपरिक बळातील तफावत भरून काढण्यासाठी पाकिस्तान अण्वस्त्रांवर आणि चीनवर विसंबतो. २०२०-२४ या काळात त्याच्या शस्त्र आयातीतील ८१ टक्के वाटा चीनचा होता. त्यामुळे भारताला एका सीमेचा विचार करताना दुसरी विसरता येत नाही.

धोका कमी करण्याचे मार्ग कोणते?

अणुप्रकल्पांवर हल्ला न करण्याचा करार दोन्ही देशांनी १९८८ मध्ये केला. त्यानुसार १९९२ पासून दरवर्षी १ जानेवारीला प्रकल्पांच्या याद्यांची देवाणघेवाण होते. बॅलिस्टिक क्षेपणास्त्राच्या चाचणीची आगाऊ सूचना देण्याचा करार २००५ चा आहे. नियंत्रण रेषेवर फेब्रुवारी २०२१ मध्ये पुन्हा मान्य झालेली शस्त्रसंधी एप्रिल २०२५ पर्यंत बऱ्याच अंशी टिकली. या करारांनी संरक्षण खर्च घटलेला नाही. पण गैरसमजातून युद्ध पेटण्याची शक्यता कमी होते. तेवढाही संवाद तुटला, तर वाढीव तरतुदीतून सुरक्षितता विकत घेणे दोघांनाही महाग पडेल आणि त्याची झळ आधी पाकिस्तानच्या सामान्य नागरिकाला बसेल.