आधी जमीन दाखवा त्याले
(लेखमाला ‘टापांची वाट’ : भाग ७)

गेल्या भागात लांब पल्ल्यासाठी घोड्याचा दम कसा वाढवायचा ते पाहिलं. पण दम शाबूत असलेला घोडाही बाद होतो, आणि तो बहुतेक वेळा पायामुळे. एन्ड्युरन्स म्हणजे लांब पल्ल्याच्या शर्यतीत टप्प्याटप्प्यावर पशुवैद्य घोडा थांबवतात. नाडी मिनिटाला ६४ पर्यंत उतरली की त्याला दुडक्या चालीने पळवून पाहतात. तिथे तो लंगडला की शर्यत संपली, मग घोडा कितीही ताजातवाना असो. म्हणून आज खुराबद्दल, आणि तेही नाल न ठोकलेल्या खुराबद्दल.

ही गोष्ट मी अचलपुरात शिकलो, आणि चुकून शिकलो. माझा घोडा पावसाळाभर काळ्या वावरात चरला होता. पाय मऊ मातीत, चाल मोकळी, खूर दिसायला देखणे. दिवाळीनंतर मी त्याला थेट चिखलदऱ्याच्या घाटाकडे काढलं. धामणगाव गढीच्या पुढे रस्त्यावर नवी गिट्टी पसरलेली होती. अर्ध्या तासात तो डांबराची कड सोडून गवतातून चालायला बघू लागला. मी लगाम ओढून त्याला परत रस्त्यावर आणत राहिलो. त्याचं म्हणणं मला कळलं नाही, याचं आजही वाईट वाटतं.

परतल्यावर एका म्हाताऱ्या नालबंदाला दाखवलं. त्यांनी पाय उचलून स्वतःच्या गुडघ्यांत धरला, आकड्याने माती खरवडली आणि तळव्यावर अंगठा दाबला. घोड्याने पाय झटकला. कानशीने वरचा पापुद्रा काढल्यावर खाली रुपयाएवढा लालसर डाग दिसला. रक्त साकळलं होतं. मी म्हटलं, “चाचा, नाल ठोकून द्या.” ते म्हणाले, “कायले लोखंड ठोकता भाऊ? आधी जमीन दाखवा त्याले.”

या वाक्यामागचं शास्त्र असं. खुराची भिंत महिन्याला साधारण ६ ते १० मिलिमीटर वाढते. केसांच्या रेषेपासून पुढच्या टोकापर्यंत नवी भिंत उतरायला नऊ महिने ते वर्ष लागतं. म्हणजे आज आपण ज्यावर स्वार होतो, तो खूर गेल्या वर्षीच्या चाऱ्याने आणि गेल्या वर्षीच्या जमिनीने घडवलेला असतो. तळव्याच्या मागच्या बाजूला टाचेकडून पुढे निमुळता होणारा रबरासारखा त्रिकोणी भाग असतो. पाय टेकताना टाचा किंचित फाकतात, हा भाग आणि त्याच्यावरची गादी दबते, हादरा जिरतो आणि रक्त वर ढकललं जातं. मऊ मातीत उभ्या राहणाऱ्या घोड्याचा हा भाग लेचापेचा राहतो. मग खड्यावर टाच टेकायला तो घाबरतो आणि पायाच्या पुढच्या टोकावर चालतो. ठेच लागते, स्नायू आखडतात आणि दुखणं खांद्यापर्यंत चढतं.

झेनोफन या ग्रीक सेनानीने सुमारे चोवीसशे वर्षांपूर्वी घोड्यांवर लिहिताना जमीन दाखवण्याचा हाच उपाय सांगितला आहे: तबेल्याबाहेर चार-पाच गाड्या गोल गोटे पसरा, आणि खरारा करताना घोडा त्यावरच उभा करा. अचलपुरात गोटे विकत आणायला नकोत. सापन आणि बिच्छन नद्यांची पात्रं हाताशी आहेत. मी सुरुवातीला रोज दहा मिनिटं सापनच्या कोरड्या पात्रात घोडा नुसता हाती धरून चालवला, मग पांदणीने, मग मुरमाच्या रस्त्याने. स्वारी शेवटी. चार-पाच महिन्यांनी तो टाच आधी टेकू लागला. बाजूने मोबाइलवर चाल टिपून हळू करून पाहिली की हे स्पष्ट दिसतं.

आपल्याकडे कणखर खुरांची परंपरा आहे. धनगरांच्या वाड्याबरोबर बिऱ्हाड वाहणारं भीमथडी तट्टू घ्या. आता त्याची स्वतंत्र जात म्हणून राष्ट्रीय पातळीवर नोंदही झाली आहे. रस्त्यात भेटलेल्या अशाच एका घोडीचा पाय मी परवानगी घेऊन उचलून पाहिला होता. तळवा आत खोलगट, कडा आपोआप गोल झालेली, अंगठा दाबला तर दगड दाबल्यासारखं वाटलं. ती शिंगरू असल्यापासून रोज चाललेली होती. माझा घोडा तसा वाढलेला नव्हता, हा साधा फरक.

खायला घालण्याचाही इथे थेट संबंध आहे. लाडाने गूळ, चणे आणि ज्वारी भरपूर दिली की काही घोड्यांच्या खुरातली भिंत आतल्या हाडाला धरून ठेवणारी वीण सुजते. मग तळव्याच्या कडेची पांढरी रेघ रुंदावते आणि तिच्यात खडे घुसतात. अशा खुराला कुठलाच रस्ता मानवत नाही. पावसाळ्यात ओल्या शेणात उभा राहिलेला घोडाही तसाच. टाचेच्या खाचेत काळा, घाण वासाचा स्राव दिसला तर आधी जागा कोरडी करा, औषध नंतर.

पण अनवाणी म्हणजे काहीही झालं तरी उघडाच पाय, असा हट्ट मी धरत नाही. खूर दिवसाला फार तर मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्शाने वाढतो, आणि गिट्टीवरचं एका दिवसाचं लांब अंतर त्याहून कितीतरी जास्त झिजवतं. आपला दगड काळा आणि धारेचा आहे. अशा वेळी खुराला तात्पुरतं पायताण घालायची युक्ती जुनीच आहे. रोमन लोक घोड्यांना बांधायची पायताणं वापरत. जपानात भाताच्या पेंढ्याची विणत, आणि झिजली की वाटेतच बदलत. आज रबर-प्लास्टिकचे काढता येणारे बूट मिळतात. अमेरिकेत १९५५ पासून होणाऱ्या टेव्हिस कपसारख्या एका दिवसात १६० किलोमीटर तोडायच्या शर्यतीतही ते वापरले जातात. काही स्वार तर ते शर्यतीपुरते खुराला चिकटवून घेतात.

बुटाचं माप खूर घासून सारखा केल्यावर त्याच दिवशी घ्यावं, लांबी आणि रुंदी दोन्ही मिलिमीटरमध्ये. पाच-सहा आठवड्यांनी खूर वाढतो आणि तोच बूट आवळतो. सैल बूट चढणीवर फिरतो. आत गेलेला एक खडाही टाचेच्या वरची मऊ कातडी सोलून काढतो, म्हणून ओढा ओलांडला की उतरून बोट घालून पाहावं. नवा बूट पहिल्यांदा शर्यतीच्या दिवशी कधीही घालू नये. आधी पाच किलोमीटर, मग दहा, आणि प्रत्येक वेळी काढून कातडी तपासायची.

रात्री तबेल्यात परतल्यावर मी आता चारही खुरांवर हात ठेवतो. एक बाकीच्यांपेक्षा गरम लागला, किंवा घोट्याच्या मागे नाडी जोरात उडताना जाणवली, तर दुसऱ्या दिवशी खोगीर चढत नाही. गेल्या महिन्यात त्याच घाटाने, पुढच्या पायांत बूट घालून, आम्ही वर गेलो. गिट्टी अजून तशीच होती. घोड्याने गवताकडे पाहिलं ते फक्त खाण्यासाठी.