अगस्तीचा तारा आणि नर्मदाखोऱ्यातील समुद्र

भोपाळच्या अशोका गार्डन वस्तीतील एखाद्या गच्चीवर फेब्रुवारीच्या मध्यास रात्री नवाच्या सुमारास दक्षिणाभिमुख उभे राहिले असता, तेजस्वी व्याधाच्या बऱ्याच खाली, क्षितिजापासून जेमतेम १४ अंशांवर, म्हणजे हात लांब करून धरलेल्या दीड मुठीइतक्या उंचीवर, जो ठळक तारा दृष्टीस पडतो, तोच अगस्ती होय. सूर्याच्या सुमारे दहा हजार पट तेजस्वी असूनही तो व्याधापुढे फिका पडतो, याचे कारण केवळ अंतर: व्याध साडेआठ प्रकाशवर्षांवर, तर अगस्ती सुमारे ३१० प्रकाशवर्षांवर. सबब आज आपल्या नेत्रांत शिरणारा त्याचा प्रकाश भोपाळ संस्थानाचा संस्थापक दोस्त महंमद खान या मुलखात आपला अंमल बसवीत होता, त्या सुमारास निघालेला आहे.

अगस्ती ऋषींनी समुद्र प्राशन केल्याची पुराणकथा सर्वश्रुत आहे. परंतु मध्य प्रदेशासारख्या समुद्रहीन प्रांतातही एके काळी समुद्र होता, याची नोंद भूगर्भाच्या दप्तरी आहे. धार जिल्ह्यातील बाघ येथील चुनखडकांत शिंपले, सागरी अर्चिन, शार्क माशांचे दात आणि माकुळाचे दूरचे भाईबंद असे सर्पिल कवचाचे अमोनाइट जीवाश्मरूपाने आढळतात. सुमारे ९ कोटी वर्षांपूर्वी पश्चिमेकडील समुद्र नर्मदेच्या खचदरीतून आत शिरला व कालांतराने ओसरला; पुढे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या सुमारास दख्खनच्या लाव्हाने तो तळ झाकून टाकला, म्हणून हे अवशेष लाव्हाचे थर झिजून गेलेल्या ठिकाणीच हाती लागतात.