थंडीच्या रात्री शेताची ऊब जाते कुठे?



दिवसभर उन्हात तापलेल्या दगडी भिंतीजवळ दिवेलागणीला उभे राहा. भिंत उजेड देत नाही, पण अंगाला ऊब लागते. ही ऊब आणतात डोळ्यांना न दिसणारे किरण. त्यांना अवरक्त किरण म्हणतात. १८०० साली इंग्लंडमध्ये विल्यम हर्शेल यांनी लोलकातून उन्हाचे रंग वेगळे केले. तांबड्या रंगाच्या पलीकडे काहीच दिसत नव्हते, तरी तिथे ठेवलेल्या थर्मामीटरचा पारा चढला. असा या किरणांचा शोध लागला.

हे किरण फक्त सूर्य किंवा चूलच देते असे नाही, बरं का! गोठ्यातली जनावरे, आपले अंग, पिकाची पाने, शेतातली माती, सगळेच रात्रंदिवस ते सोडत असतात. वस्तू जितकी गरम, तितके किरण जास्त.

रात्री जमीन आणि पिके अशीच आपली ऊब गमावतात. आभाळात ढग असले, तर ते ही ऊब शोषून बरीचशी खाली परत पाठवतात. ढग म्हणजे जणू शेतावरची गोधडी! पण आभाळ निरभ्र, हवा कोरडी आणि वारा पडलेला असला, की पाने भोवतालच्या हवेपेक्षाही गार होतात. निफाडकडच्या द्राक्षबागायतदारांना अशा रात्रींचा धाक असतो तो यामुळेच.

मग करावे काय?

१. अशा रात्रीच्या आधी पिकाला हलके पाणी द्या. ओली माती कोरडीपेक्षा जास्त ऊब साठवते. थंडीत विहिरीचे पाणीही हवेपेक्षा उबदार असते.

२. रोपांच्या वाफ्यांवर ऊन कलताच गोणपाट किंवा गवताचे तट्टे मांडवासारखे घाला. सकाळी ऊन आले की काढा.

३. नुसत्या पातळ प्लास्टिकवर विसंबू नका. त्यातून हे किरण बऱ्याच प्रमाणात आरपार जातात.

४. शेकोटी करायची तर एक मोठी नको. बांधाबांधाने लहान लहान करा. मोठ्या जाळाची ऊब सरळ वर निघून जाते. नुसता धूर करूनही भागत नाही, कारण धूर हे किरण फारसे अडवत नाही. पिकाला हवी ती ऊब.

तेव्हा थंडीत संध्याकाळी एकदा आभाळाकडे बघा. चांदणे स्वच्छ आणि वारा थांबलेला दिसला, तर झोपण्याआधी पिकाला पांघरूण घाला.