पुढचे पान की नवी वही?

एखादी चित्रपटमालिका दहा-बारा वर्षे चालली की तिच्यापुढे एक प्रश्न हटकून उभा राहतो. नायकाचे काम करणारा नट चाळिशीकडे झुकलेला असतो, दिग्दर्शकाजवळचे सांगण्यासारखे संपत आलेले असते आणि प्रेक्षकांची नवी पिढी तिकिटाच्या रांगेत येऊन उभी असते. अशा वेळी गोष्ट पुढे न्यायची, की पाटी पुसून पहिल्यापासून मांडायची? हॉलिवूडमध्ये या दुसऱ्या मार्गाला ‘रीबूट’ म्हणतात. प्रश्न वरवर पोरखेळाचा वाटेल. पण त्यात कोट्यवधी डॉलर गुंतलेले असतात आणि कोट्यवधी माणसांच्या आठवणीही.

‘स्पायडरमॅन’चेच पाहा. स्टॅन ली आणि स्टीव्ह डिट्को यांनी १९६२ मध्ये कागदावर आणलेला हा पोरगा २००२ मध्ये सॅम रायमी या दिग्दर्शकाने पडद्यावर उभा केला. टोबी मॅग्वायर नायक होता. पहिल्या तीन दिवसांतच चित्रपटाने अमेरिकेत अकरा कोटी डॉलरांच्या वर धंदा केला. २००४ आणि २००७ मध्ये पुढचे दोन भाग आले. तिसऱ्यावर टीका बरीच झाली, पण गल्ला तिघांत त्याचाच मोठा. चौथ्याची तयारी सुरू झाली. पटकथा मात्र रायमीच्या मनासारखी होईना आणि ठरलेली तारीख गाठता येईना. शेवटी तो बाजूला झाला आणि जानेवारी २०१० मध्ये सोनी कंपनीने जाहीर केले, आता नव्याने सुरुवात!

एवढी घाई का? कारण करारात होते. मार्व्हल ही मूळ कंपनी १९९६ मध्ये दिवाळखोरीत गेली होती. त्या ओढग्रस्तीच्या काळात तिने आपल्या पात्रांचे चित्रपट-हक्क निरनिराळ्या स्टुडिओंना दिले. स्पायडरमॅन सोनीकडे गेला, पण अट अशी की ठरावीक मुदतीत पुढचा चित्रपट निघाला नाही तर हक्क परत. बँकेत उभी हयात काढलेल्या माणसाला हा मामला चांगलाच ओळखीचा. प्रॉमिसरी नोटेची मुदत तीन वर्षांची. ती संपण्याआधी कर्जदाराची कबुलीची सही घेतली की खाते पुन्हा जिवंत. मार्चअखेरीला अशा सह्यांसाठी गावोगाव हिंडलेले अधिकारी आजही भेटतील. सही मिळाली म्हणून कर्जदाराची ऐपत वाढत नाही, फक्त कागद जिवंत राहतो. २०१२ चा ‘द अमेझिंग स्पायडरमॅन’ पाहताना अशाच सहीची आठवण होते.

अँड्र्यू गारफिल्ड हा नट गुणी. पण प्रेक्षकाला पुन्हा तेच सारे पाहावे लागले. कोळी चावतो, अंगात बळ येते, ज्या चोराला आपण जाऊ दिले त्याच्याच हातून काका मरतो. दहा वर्षांपूर्वी ज्या मरणावर प्रेक्षकाने डोळे पुसले, त्याच मरणावर त्याने पुन्हा रडावे ही अपेक्षा. २०१४ चा दुसरा भाग तर मोठ्या अर्ध्या गोष्टी मागे ठेवून थांबला. नायकाची प्रेयसी ग्वेन उंचावरून कोसळते, त्याचा धागा तिच्यापर्यंत पोहोचतो, पण क्षणभर उशिरा. या दु:खाचे पुढे काय झाले, हे सांगायला तिसरा भाग आलाच नाही.

म्हणून नवी सुरुवात नेहमीच वाईट म्हणावी, तर तेही खरे नाही. १९९७ च्या ‘बॅटमॅन अँड रॉबिन’ने त्या मालिकेचे पार हसे केले होते. आठ वर्षांनी, २००५ मध्ये, ख्रिस्तोफर नोलनने ती पहिल्यापासून मांडली; पण त्याच्याजवळ नवा प्रश्न होता. माणूस भीतीचे काय करतो? उलट २००६ च्या ‘सुपरमॅन रिटर्न्स’ने ख्रिस्तोफर रीव्हच्या जुन्या चित्रपटांचा धागा भक्तिभावाने पुढे नेला, आणि तो तिथेच तुटला. निष्ठा होती, नवे म्हणणे नव्हते.

नट बदलणे आणि गोष्ट पुसणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हेही ध्यानात घ्यावे. डॉ. लागूंनंतर दत्ता भटांनी अप्पासाहेब बेलवलकर उभे केले तेव्हा ‘नटसम्राट’ कुणी नव्याने लिहायला घेतले नाही. आणि कीर्तनाला बसलेल्या श्रोत्याला रामजन्म ठाऊकच असतो. तो येतो बुवांचे निरूपण ऐकायला.

२०१५ मध्ये सोनी आणि मार्व्हल यांनी समझोता केला आणि २०१६ मध्ये टॉम हॉलंड हा तिसरा नट आला. या वेळी ना कोळ्याचा चावा दाखवला, ना काकाचे मरण. प्रेक्षकाला ते ठाऊक आहे, हे गृहीत धरले. पुढे डिसेंबर २०२१ च्या ‘नो वे होम’मध्ये तिन्ही स्पायडरमॅन एकत्र आले. त्यात एक प्रसंग आहे. या नव्या नायकाची मैत्रीण उंचावरून पडते, आणि तिला झेलतो गारफिल्ड. झेलल्यावर त्याचा चेहरा पाहावा. सात वर्षांपूर्वी निर्लेखित केलेल्या खात्यात अचानक वसुली यावी, तसा तो क्षण आहे. चित्रपटाने जगभरात १९० कोटी डॉलरांहून अधिक मिळवले, त्यात या वसुलीचा वाटा मोठा असावा.

याच चित्रपटाच्या शेवटी जग वाचवण्यासाठी नायक स्वत:ची ओळख साऱ्यांच्या मनातून पुसून टाकायला सांगतो. मित्र आणि मैत्रीण दोघेही त्याला ओळखेनासे होतात. म्हणजे पाटी इथेही कोरी झाली. फरक एवढाच की तिची किंमत नायकाने गोष्टीच्या आत, डोळ्यांदेखत मोजली; प्रेक्षकाच्या माथी मारली नाही.

कादंबरी लिहिणाऱ्याला या सगळ्यातून एक कसोटी सापडते. पात्राचे वय वाढू देण्याची हिंमत असेल तर गोष्ट पुढे न्यावी. नवा प्रश्न हाती असेल तर खुशाल पहिल्यापासून मांडावी. पण हाती फक्त मुदत असेल, तर थांबावे. २०२५ मध्ये जेम्स गनने ‘सुपरमॅन’ नव्याने सुरू केला, तेव्हा त्याचा ग्रह फुटण्याची जन्मकथा पुन्हा दाखवत न बसता त्याने थेट मधूनच सुरुवात केली. प्रेक्षकाने वर्षानुवर्षे दिलेला वेळ आणि जीव ही त्याची ठेव आहे. वही नवी घातली, तरी मागची शिल्लक पुढे ओढावीच लागते.